माझा टाका तुटला नाही

मित्रांनो, खिडकीपाशी पत्र्याच्या कपाटाला खेटून उभी असलेली ती काळी, पायडलची शिलाई मशीन दिसतेय ना, ती मी. माझ्या अंगावरची सोनेरी वेलबुट्टी हात लागून लागून पुसली आहे आणि पायडल झिजून गुळगुळीत झालं आहे. आपली कहाणी सांगायला बसलं की प्रत्येक जण आधी आपली थोरवी सांगतो. मीही सांगणार आहे. फरक इतकाच की, त्या थोरवीचीच मला आज लाज वाटते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. लोखंड वितळवून मला साच्यात ओतलं, घासलं, रंगवलं, चाक बसवलं. शेवटी जाड भिंगाच्या चष्म्याचा एक कारागीर माझी परीक्षा घ्यायला आला. त्याने पोत्याचे दोन तुकडे एकावर एक ठेवून माझ्याकडून शिवून घेतले, मग ते दोन्ही हातांनी धरून जोर लावून ओढले. पोतं फाटलं, पण शिवण जशीच्या तशी राहिली. कारागीर शेजारच्याला म्हणाला, "हिचा टाका तुटायचा नाही." माझ्या आयुष्यात माझ्या कानावर पडलेलं ते पहिलं कौतुक. लहानपणी ऐकलेलं कौतुक डोक्यात जातं म्हणतात. माझ्या ते चाकात गेलं.

काही वर्षं मी दुसऱ्या एका घरी होते. तिथून बाईंनी मला आणलं. बाई म्हणजे माझी मालकीण. घर लहानसंच. पुढच्या खोलीत शिवणकाम, मागे स्वयंपाकघर, आणि वर एक माळा. घरात माय-लेकी दोघीच. लेकीचं नाव काहीही असो, बाई तिला ठमी म्हणायच्या आणि गल्लीही ठमीच म्हणायची.

बाईंच्या हाताला वळण होतं आणि मला ताकद होती. आमची जोडी जमली. कपडे घ्यायला आलेली गिऱ्हाइकं म्हणायची, "तुमच्या शिवणीला नाव ठेवायला जागा नाही. कापड विरेल, पण शिवण उसवणार नाही." बाई हसून माझ्या डोक्यावर हात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "सगळं हिचं काम. हिचा धागा कधी तुटत नाही." मी मनातल्या मनात फुगायचे. दिवसभरात एकदासुद्धा धागा तुटू द्यायचा नाही, असा मी पणच केला होता.

अशात एक दिवस पोपट आला.

ठमी तेव्हा आठवीत होती. गल्लीच्या टोकाला राहणारे एक शिक्षक दूरच्या गावी निघाले होते. त्यांना पोपट सोबत नेता येत नव्हता. ठमीने हट्ट धरला आणि तो पिंजऱ्यासकट घरी आणला. चित्रांत असतो तसा तो हिरवा नव्हता. अंगभर राखाडी, डोळ्यांभोवती पांढरा, आणि शेपूट तेवढं लालभडक. मान वाकडी करून तो खोलीकडे असा बघायचा की, सगळ्यांच्या वह्या तपासायला आला आहे असं वाटावं. एक तर तो शिक्षकांकडून आलेला, त्यात हा रुबाब, म्हणून त्याचं नाव मास्तर पडलं. नवीन गिऱ्हाइकांना वाटायचं, मास्तर म्हणजे कपडे बेतणारे कुणी गृहस्थ असावेत. ती विचारायची, "मास्तर आहेत का?" आणि पिंजऱ्यातून उत्तर यायचं, "बसा!"

पण सुरुवातीला मास्तर नाकावर माशी बसू देत नव्हता. बाईंचं बोट त्याने फोडलं. आमच्या शेजारी इस्त्रीचं दुकान आहे. तिथले इस्त्रीवाले भाऊ लाड करायला गेले, तर त्यांच्या सदऱ्याचं बटण त्याने तोडून घेतलं. ठमीने मात्र एक वेगळीच युक्ती केली. ती रोज शाळेतून आली की पिंजऱ्याचं दार उघडायची आणि त्याच्याकडे चक्क पाठ करून जमिनीवर अभ्यासाला बसायची. खांद्यावर सूर्यफुलाच्या चार बिया ठेवायची. हात पुढे करायचा नाही, हाक मारायची नाही, वळून बघायचं नाही. पंधरा-वीस दिवस असेच गेले. मग एका संध्याकाळी मास्तर पिंजऱ्यातून उतरला, फरशीवरून डुलत डुलत गेला, आणि बियांकडे न बघता तिच्या उघड्या वहीवर जाऊन बसला. ठमी श्वास रोखून बसून राहिली. बाईंनी पायडल थांबवलं. त्या दिवशी तिचं गणित अर्धवट राहिलं आणि त्याबद्दल तिला कुणीही रागावलं नाही.

तेव्हापासून तो तिचा झाला. वाळूच्या बादलीत एक जाड फांदी रोवून तिने त्याला बसायला झाड करून दिलं. पण त्याची आवडती जागा म्हणजे माझी मान, म्हणजे सुईकडे जाणारा माझा आडवा हात. दोन बोटं पुढे, दोन मागे, अशी पकड घेऊन तो तिथे बसायचा. मला त्याचा राग यायचा. त्याच्या नख्यांनी माझी वेलबुट्टी खरवडली जायची. एकदा तर त्याने लग्नाच्या झग्यावर नको ते केलं. "उठवा याला," असं मला ओरडावंसं वाटायचं. मित्रांनो, त्या चार बोटांचा मला तेव्हा राग यायचा, हे लक्षात ठेवा.

दुपारी चार वाजता ठमी दारातूनच ओरडायची, "आई, मी आले गं!" दप्तर खाली आदळायचं, बाई पायडल थांबवायच्या, आणि मग तिघांचं खाणं व्हायचं. मास्तरने ते वाक्य उचललं. सुटीच्या दिवशी ठमी घरातच असली तरी तो चार वाजता ठमीच्या आवाजात सांगायचा, "आई, मी आले गं!" आणि माय-लेकी पोट धरून हसायच्या.

वर्षं गेली. ठमी पुढे शिकायला दुसऱ्या शहरात गेली. वसतिगृहात पोपट चालत नाही. ती निघाली तेव्हा मास्तर माझ्या मानेवर बसून तिची पेटी बघत होता. तिने त्याच्या डोक्यावर ओठ टेकले आणि आईला म्हणाली, "त्याच्याशी बोलत जा गं."

"अगं, बोलते की. तू नीट जा," बाई म्हणाल्या.

बाई त्याच्याशी बोलल्या नाहीत असं नाही. पण लेक गेल्यावर घर त्यांना खायला उठलं होतं, आणि त्यावर त्यांना एकच औषध माहीत होतं, ते म्हणजे काम. पूर्वी न घेतलेली कामं त्या घेऊ लागल्या. सकाळीच आठ-आठ बॉबिन भरून डब्यात ठेवायच्या, म्हणजे मधे उठायला नको. बॉबिन म्हणजे माझ्या पोटातली धाग्याची छोटी फिरकी. ती संपली की नवी भरावी लागते, त्यात वेळ जातो. आता एक संपली की डब्यातली दुसरी घालायची आणि पायडल पुन्हा सुरू. मी खूश होते. इतकं काम माझ्या हातून पूर्वी कधी झालं नव्हतं.

चार वाजता मास्तर म्हणायचा, "आई, मी आले गं!" पहिल्या दिवशी बाई दाराकडे वळल्या. दुसऱ्या दिवशीही वळल्या. आठवड्याभराने त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, "गप रे. नको म्हणूस तसं." तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, आणि बाईंनी वळणं सोडलं. काही दिवसांनी त्यानेही म्हणणं सोडलं.

मग त्याने माझा आवाज काढायला सुरुवात केली. टक-टक-टक-टक, हुबेहूब. अगदी टाचेने पायडल दाबताना होणारी बारीक कुरकुरसुद्धा. बाईंना पहिल्यांदा हसू आलं. "बघा, मास्तर शिवायला लागले!" मी तर हुरळूनच गेले. हा पक्षी माझी नक्कल करतो आहे, माझ्यासारखं व्हायला बघतो आहे, असं मला वाटलं. आज कळतं, त्याला माझ्यासारखं व्हायचं नव्हतं. बाई दिवसभर कुणाजवळ बसतात ते तो बघत होता. त्या ज्या आवाजाजवळ बसतात, तो आवाज काढला तर आपल्याजवळही बसतील, एवढाच त्याचा हिशेब होता. मी लोखंडाची असले तरी इतकं कळायला हवं होतं.

टक-टकीचीही सवय झाली. बाई मान खाली घालूनच म्हणायच्या, "हो हो, ऐकलं."

एका सकाळी मास्तरने छातीवरचं एक पीस उपटलं. फार मोठं नव्हतं, नखाएवढंच. ते तरंगत आलं आणि माझ्या सुईखालच्या पांढऱ्या कापडावर पडलं. बाईंनी पायडल थांबवलं, स्टूल मागे ढकललं आणि धावत फांदीपाशी गेल्या. "अरे, काय केलंस हे? बघू, दुखलं का माझ्या राजाला?" त्यांनी त्याला मांडीवर घेतलं, मान खाजवली, बोटाने छाती कुरवाळली. त्या उठल्या तेव्हा कितीतरी वेळ गेला होता.

मास्तर हुशार होता. त्या दिवशी त्याला जे कळलं ते घरात दुसऱ्या कुणालाही कळलं नाही.

महिन्याभरात त्याची छाती उघडी पडली. मग मांड्या, मग पंखांखालची जागा. राखाडी लव जाऊन खाली गुलाबी, खडबडीत कातडी दिसू लागली. डोकं तेवढं जसंच्या तसं, कारण तिथे चोच पोचत नाही. नवीन कोवळं पीस फुटलं की तो तेही उपटायचा आणि तिथे रक्ताचा ठिपका यायचा. दर वेळी बाई धावायच्या. रागवायच्या, रडायच्या, जवळ घ्यायच्या. आणि मग राहिलेलं काम भरून काढायला मला दुप्पट जोराने चालवायच्या.

इस्त्रीवाल्या भाऊंकडे सल्ल्यांना तोटा नव्हता. ते म्हणाले, "ताई, खोबरेल लावा. माझ्या पुतण्याचं टक्कल त्यानेच गेलं." बाईंनी तेल लावलं. उरलेली पिसं चिकट झाली आणि मास्तर तीही ओढू लागला. भाऊ म्हणाले, "मग उष्णता असेल." उंटावरचे शहाणे असतात, हे खरं. पण ते निदान विचारपूस तरी करत होते. मी काय करत होते? मी शिवत होते.

ठमीला यातलं काही माहीत नव्हतं. रविवारी तिचा फोन यायचा, तोंड दिसणारा. ती म्हणायची, "आई, मास्तरला दाखव ना." बाई कधी म्हणायच्या, तो झोपलाय. कधी म्हणायच्या, फोनची बॅटरी संपत आली आहे. फोन ठेवला की त्या बराच वेळ हातात टेप घेऊन नुसत्याच बसायच्या. "त्याच्याशी बोलत जा" एवढंच तर लेकीने मागितलं होतं.

मित्रांनो, बिघडलं तर वैद्याकडे जावं, हे कुणालाही कळतं. पण शिवणाऱ्या माणसाचं डोकं वेगळं चालतं. काही उघडं पडलं की त्याला पहिलं सुचतं ते झाकणं. बाईंनी मास्तरचं माप घेतलं. छाती, गळा, पंखांचा घेर. खडूने खुणा केल्या. एका कोटाचं निळं कापड उरलं होतं, त्यातून त्यांनी जाकीट बेतलं. छोटी कॉलर, पाठीवर तीन बटणं, आतून मऊ अस्तर.

"हे चावून फाडेल तो. चांगलं पक्कं शिवायला हवं," त्या पुटपुटल्या आणि त्यांनी जाड नायलॉनचं रीळ काढलं. पिशव्यांचे बंद शिवायला आणलेलं होतं ते. दुहेरी शिवण घातली. कडेला पुन्हा एक. टाका न टाका मी घातला. कारखान्यातला तो चष्मेवाला मला आठवला आणि वाटलं, त्याने आता यावं आणि हे ओढून बघावं.

रविवारी मास्तर जाकीट घालून फोनसमोर बसला.

"अय्या! साहेब झालाय अगदी!" ठमी पलीकडून ओरडली. "पण आई, हे कशाला गं घातलंय?"

"थंडी पडलीय इथे," बाई म्हणाल्या. खोलीत पंखा फिरत होता.

भाऊ दारात उभे राहून हे बघत होते. फोन बंद झाल्यावर ते म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची, ताई."

बाईंनी मास्तरच्या जाकिटाची कॉलर सारखी केली. मीही मनात तेच म्हणत होते. जाकीट किती सुरेख बसलंय, एवढंच मला दिसत होतं.

त्यानंतर शाळा सुरू होण्याचे दिवस आले आणि गणवेशांचं मोठं काम आलं. पांढरे सदरे, करड्या चड्ड्या, फ्रॉक. खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. जाकीट होतं म्हणून बाईंना पीस पडताना दिसत नव्हतं. दिसत नव्हतं म्हणून त्या धावत नव्हत्या. मास्तर पिसांपर्यंत पोचत नव्हता, तेव्हा तो जाकिटाची कड कुरतडू लागला. कापड कुरतडलं गेलं. अस्तर फाटलं. धागा मात्र तुटेना. त्याचा एक फास कडेपासून लोंबू लागला.

त्यानंतर दोन दिवस मास्तर एका पायावरच उभा होता. दुसरा पाय जाकिटाच्या आत ओढून घेतलेला. पक्षी झोपताना तसे उभे राहतातच, म्हणून बाईंना वेगळं काही वाटलं नाही. दाणे टाकताना त्यांचं अर्धं लक्ष सदऱ्यांच्या ढिगाकडे होतं. त्याने टक-टक केलं. "हो हो, ऐकलं." मग दुसऱ्या दिवशी चार वाजता, कितीतरी महिन्यांनी, तो ठमीच्या आवाजात म्हणाला, "आई, मी आले गं."

बाईंचा पाय क्षणभर अडखळला. मग त्यांनी ओठ मिटले आणि आणखी जोराने पायडल मारलं.

मित्रांनो, मला तोंड नाही, पाय नाहीत. पण एक गोष्ट मला करता येत होती. मला धागा तोडता आला असता. प्रत्येक मशीनला ते येतं. धागा तुटला असता तर बाई थांबल्या असत्या, मान वर करून सुईत दोरा ओवला असता, आणि ओवता ओवता समोरच्या फांदीकडे त्यांची नजर गेली असती. मी तोडला नाही. एवढं मोठं काम, एवढे सदरे, आणि एकदाही धागा तुटला नाही, असं गिऱ्हाइकांनी म्हणावं, हे माझ्या मनात होतं. त्या दोन दिवसांत माझा धागा खरंच एकदाही तुटला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी भाऊ सदरे इस्त्रीला न्यायला आले. गठ्ठा उचलता उचलता थांबले.

"ताई, मास्तरांचा पाय बघा हो."

"झोपलाय तो."

"डोळे उघडे आहेत ताई त्याचे."

बाईंनी जाकीट वर केलं. मागच्या एका बोटाला माझा दोरा तीन-चार वेळा गुंडाळला गेला होता. त्याने ओढला असणार, जितका ओढला तितका फास आवळला असणार. बोट सुजून काळंनिळं पडलं होतं. बाईंनी कात्री घेतली, पण दोरा मांसात इतका रुतला होता की पातं आत जाईना. भाऊंनी मास्तरला टॉवेलात गुंडाळलं आणि दोघं तसेच पक्ष्यांच्या दवाखान्यात गेले. सुईखाली अर्धा सदरा तसाच राहिला. दार उघडंच होतं.

दवाखान्यात काय झालं ते मला संध्याकाळी कळलं. बाई माझ्यासमोरच्या स्टुलावर बसल्या, एक हात माझ्या चाकावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने त्यांनी लेकीला फोन लावला. नुसता आवाजाचा. तोंड दाखवायचं त्यांना धाडस झालं नाही.

"ठमे, मी तुझ्याशी खोटं बोलले," त्या म्हणाल्या. आणि पहिल्या पिसापासून सगळं सांगितलं. तेल, जाकीट, पंखा फिरत असताना पडलेली थंडी. "डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून दोरा कापला. म्हणाल्या, केवढा हा पक्का दोरा, साधा असता तर त्याने कधीच तोडला असता. बोट नाही वाचलं गं. काढावं लागलं."

मी ते ऐकलं. कारखान्यातला कारागीर, गिऱ्हाइकं, बाई, सगळे माझ्याबद्दल जे म्हणत होते, तेच डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. शब्दही जवळजवळ तेच. फक्त या वेळी ते कौतुक नव्हतं. जमिनीत गाडून घ्यावं असं मला वाटलं. पण मशीनला तोंड लपवायलाही कुणाचा तरी हात लागतो.

"त्यांनी मला एकच विचारलं," बाई पुढे म्हणाल्या, "की तो पिसं उपटतो तेव्हा तुम्ही काय करता? मी म्हटलं, धावत जाते, जवळ घेते. त्या म्हणाल्या, आणि नाही उपटली तर? ठमे, नाही उपटली तर मी मान खाली घालून शिवत असते."

पलीकडून ठमीचा आवाज आला, रडवेला.

"आई, मला कळलं होतं काहीतरी बिघडलंय ते. इतक्या दिवसांत तो एकदाही 'मी आले गं' म्हणाला नाही. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, परत ये. आणि मला यायचं नव्हतं."

दोघी रडल्या. टॉवेलावर बसलेला मास्तर पट्टी बांधलेला पाय वर धरून एकदा फोनकडे, एकदा बाईंकडे बघत होता.

जाकीट बाईंनी त्याच दिवशी उसवलं. एक एक टाका. माझे टाके इतके घट्ट होते की उसवता उसवता मध्यरात्र झाली.

दुसऱ्या दिवसापासून घरात नवे नियम आले. आठ बॉबिन भरून ठेवणं बंद. एकच भरायची. ती संपली की "झाली बाई, झाली!" म्हणत उठायचं, मास्तरजवळ जायचं, त्याच्याशी बोलायचं, पाण्याचा फवारा मारून त्याला आंघोळ घालायची, आणि मग दुसरी भरायची. त्याने पीस उपटायच्या आधी जायचं. उपटलं तर मात्र धावायचं नाही. हे सगळ्यात कठीण होतं. चोचीचा तो बारीक आवाज आला की बाई जागच्या जागी बसून राहायच्या आणि माझं चाक घट्ट धरायच्या.

चोचीला काम हवं, असंही डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. दोरा आणि चिंध्या आता त्याच्या आसपासही ठेवायच्या नाहीत. मग काय द्यायचं? बाईंनी माळ्यावरून खाकी कागदाचे गठ्ठे काढले. वर्षानुवर्षं बेतलेल्या कपड्यांचे कागदी नमुने होते ते. मास्तरने मन लावून त्यांचे तुकडे पाडायला सुरुवात केली. भाऊंच्या विजारीच्या कागदाचा त्याने पार भुगा केला, तेव्हा भाऊ म्हणाले, "करू द्या. माझी कंबर आता त्या मापात राहिलीय कुठे!" शेवटी ठमीच्या पहिल्या फ्रॉकचा कागद हाती लागला. बाईंनी तो जरा वेळ उलगडून धरला. मग त्याला दिला.

सगळं चांगलं झालं, असं मी सांगणार नाही. मांड्यांवर आणि पंखांखाली पिसं आली. छातीवरची आली नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिथली मुळंच मेली आहेत. अजूनही एखाद्या दिवशी बाईंना उशीर झाला की फरशीवर एक राखाडी पीस पडलेलं असतं. पण बॉबिन संपत आली की माझा आवाज किंचित हलका होतो. तो बदल बाईंच्याही आधी मास्तरला कळतो. तो फांदीवरून बाईंच्या आवाजात ओरडतो, "झाली बाई, झाली!" आणि बाईंना उठावंच लागतं.

सुटीत ठमी आली. दारातून तिने काही म्हटलं नाही. पिशवी हळूच ठेवली, फांदीकडे बघितलं, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. मास्तरने तिच्याकडे पाहिलं आणि पाठ फिरवली. ती रडली नाही, हात पुढे केला नाही. जमिनीवर त्याच्याकडे पाठ करून बसली आणि खांद्यावर चार बिया ठेवल्या. चार दिवस ती तशी बसत होती. तो उतरला नाही. जायच्या दिवशी ती चप्पल घालत असताना तो हळूच म्हणाला, "आई, मी आले गं." ठमी दारातच खाली बसली. तिची गाडी चुकली आणि ती आणखी एक दिवस राहिली.

आता मी म्हातारी झाले आहे. माझा धागा तुटतो. दिवसातून पाच-सहा वेळा तरी. वय म्हणा, नाहीतर मन म्हणा. परवा भाऊ म्हणाले, "ताई, दुरुस्त करून घ्या की हिला." बाई सुईत दोरा ओवत होत्या. ओवता ओवता त्यांनी समोर फांदीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "असू दे. तेवढंच वर बघणं होतं." माझ्या आयुष्यातलं हे पहिलं असं कौतुक, जे ऐकून मी फुगले नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करत असेल, मग तो पक्षी असो, कुत्रा असो, धाकटा भाऊ असो की आजारी आजोबा असोत, तर "हो हो, ऐकलं" म्हणून मान खाली घालू नका. त्याने स्वतःला दुखवून घ्यायच्या आधी उठा. आणि जे उघडं पडलंय ते झाकायच्या आधी एकदा नीट बघा. काम थांबलं तर पुन्हा सुरू करता येतं. हे मी मशीन असून सांगते आहे.

मास्तर अजून माझ्या मानेवर येऊन बसतो. एका पायाची पकड चार बोटांची, दुसऱ्याची तीन. त्या तीन बोटांचा पाय जरा घसरतो, मग तो पंख उघडून तोल सावरतो आणि पुन्हा तिथेच बसतो. तो कुणावर बसला आहे हे त्याला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. तो बसलेला असला की बाई पायडलवरून पाय काढतात, आणि तो उठेपर्यंत मी चाकसुद्धा हलू देत नाही.